निरोप्याने गिळलेला निरोप

१

“वरच्या गेटाचा सकाळचा निरोप दाखवा बघू,” संचालकसाहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी पडद्याकडे माना वळवल्या. पडदा कोरा.

आमचं खातं नदीचं. वर धरणाचे दरवाजे, खाली नव्या पुलाचं काम, आणि मध्ये आमचं संदेश केंद्र. वरून निरोप आला की आमचं यंत्र तो वाचतं, तातडीचा असेल तर रांग मोडून पुढे काढतं आणि ज्याचा त्याला पोचवतं. या यंत्राला सगळं खातं निरोप्या म्हणतं. निरोप्या आता थकलाय, त्याचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत, म्हणून नवा आणायचं ठरलं होतं. नव्याला काय काय यायला हवं याचा मसुदा एका सल्लागारबाईंनी केला होता, आणि त्या तो संचालकांना समजावून सांगत होत्या. मी केंद्राचा प्रमुख, त्यामुळे माझं काम मान डोलवण्याचं.

“आत्ताचं यंत्र कितीही जुनं असलं,” बाई म्हणत होत्या, “तरी एक गोष्ट त्याच्याकडून घेण्यासारखी आहे, सर. ते निरोप हरवत नाही. पत्ता चुकलेला असो, अर्धवट असो, पोचवता आला नाही तर ते तो अडकलेल्या निरोपांच्या टेबलावर टाकतं. तिथे माणूस बसलेला असतो. नव्यालाही हेच यायला हवं.”

हेच दाखवायला त्यांनी वरच्या गेटाचा पहिला निरोप निवडला होता. तो रोज एकच असतो, ‘सर्व ठीक’. आजवर त्याने खाडा केला नव्हता. त्या दिवशी नेमका केला.

“मग तो टेबलावर असणार,” बाई म्हणाल्या. “दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही.”

टेबलावर छोटी होती. उंचीला बेताची म्हणून छोटी, एरवी कामाला दोघांची. तिने आपला पडदा आमच्याकडे वळवला. तोही रिकामा. “इथे काही आलं नाही, सर,” ती म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतले मास्तर, म्हणजे निरोप्याची देखभाल करणारे आमचे जुने कारागीर, खुर्चीतून अर्धे उठले. पायात गोळा आला असेल असं मला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. पुलाच्या चौकीवरून होता. पाणी आलं होतं आणि इशारा आलाच नव्हता. मजूर कसेबसे वर चढले. मुकादम शेवटच्या माणसाला वर ढकलताना परांचीवरून पडला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

मी लगेच वरच्या गेटाला फोन लावला. गेटकाका माझ्यावरच भडकले. “पाणी सोडतोय म्हणून सकाळीच कळवलंय की! निरोप्याने ‘पोचलं’ म्हणून सांगितलंसुद्धा.”

म्हणजे निरोप आमच्या दारापर्यंत आला होता आणि दारातच नाहीसा झाला होता. आणि बाईंच्या मसुद्याप्रमाणे त्या दारात माणूस एकच होता, छोटी.

२

चौकशीला तासाभरातच मुख्यालयातून माणूस आला. दक्षता विभागातला सगळ्यात हुशार अधिकारी, असं संचालक म्हणाले. तो माझा साडू.

नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाची चौकशी करू नये असा नियम आहे. पण साडू हा नात्यात धरायचा की शिक्षेत, यावर नियम गप्प आहेत.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लग्न माझ्या मागून, बढत्या माझ्या पुढे. आमच्या घरी त्याचं नाव निघाल्याशिवाय दिवस मावळत नाही. भावोजींनी गळका नळ स्वतः बदलला. भावोजी बायकोला विचारल्याशिवाय पडदेसुद्धा घेत नाहीत. भावोजी कधी आवाज चढवत नाहीत. आवाज न चढवणारा माणूस मला मुळातच संशयास्पद वाटतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो खरोखरच चांगला आहे हो! बोट ठेवायला जागा नाही. अंगाची नुसती लाही लाही होते.

“दादा, कसे आहात?” आल्या आल्या त्याने विचारलं. “काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत अहवाल देऊन टाकतो.”

“द्या की. तुम्हाला काय अवघड आहे, साडूभाऊ!”

त्याला टोमणा कळला नाही. त्याला टोमणे कळत नाहीत, हाही आमच्या घरी त्याचा गुणच धरतात.

मला मात्र संध्याकाळ नको होती. छोटीला नोकरीत कायम करण्याचा आदेश माझ्या टेबलावर पडला होता, संचालकांची सही तेवढी राहिली होती. ठपका आला की तो आदेश टोपलीत आणि पोरगी घरी. आणि ती प्रामाणिक आहे हे मला दिसत होतं, फक्त दाखवून देता येत नव्हतं.

साडूने तिला समोर बसवलं.

“टेबल सोडून कुठे गेला होतात?”

“नाही, सर.”

“हात लागून चुकून काही पुसलं गेलं असेल?”

“पुसायला काही आलंच नाही. मास्तरांनी शिकवलंय मला. निरोप सांडला तर त्याच्यामागे माणूस सांडतो, असं ते म्हणतात.” तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “सर, मी कायम झाले असं आईने शेजारीपाजारी सांगूनसुद्धा टाकलंय. आता तिला काय सांगू?”

साडू बाहेर आला आणि खिडकीशी उभा राहिला. “गेटावरून निरोप निघाला. यंत्राने पोच दिली. यंत्र निरोप हरवत नाही. मग उरतं कोण, दादा?”

“तुमचं गणित नेहमी बरोबरच असतं,” मी म्हणालो.

३

सल्लागारबाई चिडल्या होत्या. “मसुद्यावर माझी सही आहे. महिनोन्महिने हे यंत्र पाहिलंय मी.”

“मास्तरांची मदत झाली?” साडूने विचारलं.

“मदत कसली? मीच त्यांना सांगायचे. आज हे सापडलं, आज ते सापडलं. ते ऐकायचे आणि म्हणायचे, ‘बरोबर.’ एकदाही चूक काढली नाही त्यांनी.” हे सांगताना बाईंचा चेहरा खुलला. चांगल्या विद्यार्थिनीचा खुलतो तसा.

मग आम्ही मास्तरांकडे गेलो. मास्तरांचं उभं आयुष्य निरोप्याच्या खोलीत गेलं. केंद्रात जो कोणी काम शिकला तो त्यांच्या हाताखाली शिकला, मीसुद्धा. सभा म्हटलं की ते पळ काढायचे. पण आज गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. “काय मास्तर, बोहल्यावर चढताय की काय?” असं मी सकाळी चिडवलंही होतं.

“या खोलीत कोण कोण येतं?” साडूने विचारलं.

“मी. बाई. साहेब. टेबलावरची पोरगी. किल्ली दाराशेजारी खिळ्यालाच असते.”

“इथून दुसऱ्या ठाण्याच्या नावाने निरोप पाठवता येतो?”

“दुरुस्तीसाठी सोय आहे तशी. कोणालाही जमेल.”

“आणि हे यंत्र निरोप गिळू शकतं का?”

मास्तरांनी निरोप्याच्या कपाटावरची नसलेली धूळ पुसली. “बाई म्हणतात, नाही. बाईंनाच विचारा. त्यांना सगळं माहीत आहे.”

हा सूर माझ्या चांगला ओळखीचा होता. कुठे ऐकलाय ते मात्र काही केल्या आठवेना.

साडूने पुलाच्या चौकीदाराला फोन लावला आणि आम्हाला ऐकू येईल असा ठेवला. “सकाळपासून काही नाही, साहेब,” चौकीदार म्हणाला. “नुसती एक चाचणी आली वरच्या गेटाच्या नावाने. ‘चाचणी आहे, दुर्लक्ष करा.’ केलं दुर्लक्ष.”

बाईंच्या मसुद्यापायी गेले कित्येक दिवस चाचण्यांचा नुसता सुकाळ होता, त्यामुळे त्याकडे आम्हीही दुर्लक्ष केलं. साडूने फोन ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

“वाईट वाटतंय, दादा. पण मला छोटीचंच नाव लिहावं लागणार.”

४

जेवायच्या सुट्टीत डबे उघडले. साडू माझ्या समोर बसला.

“ताईंचा गुडघा कसा आहे?” त्याने विचारलं.

“कोणाचा गुडघा?”

“आपल्या ताईंचा हो. डावा. जिना उतरताना धरतो ना त्यांना.”

घास माझ्या हातातच राहिला. त्याच जिन्यावरून रोज मी तिच्या पुढे उतरतो. मला पत्ता नाही, आणि ह्या गृहस्थाला डावा की उजवा तेसुद्धा ठाऊक! “बरा आहे,” मी ठोकून दिलं. चुकीचं बोलला असता तर मी हसून सोडलं असतं. पण तो बरोबर होता हो, हेच तर झोंबलं.

“आणि त्यांच्या वाढदिवसाला आम्ही शाल घेतोय. निळी. त्यांचा आवडता रंग.”

निळा! माझ्या बायकोला निळा रंग डोळ्यांसमोर नको असतो. सांगायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आणू दे. चांगली निळीशार आणू दे. चारचौघांत पुडकं सोडू दे. बायकोचा चेहरा पडेल, ह्याचाही पडेल, आणि मग मी सावकाश उठेन आणि म्हणेन—

उठेन.

मी घास खाली ठेवला. मास्तर उठले होते. सभेत, अर्धे. आणि तेव्हा फोन वाजलाच नव्हता. पाण्याचं कोणाला माहीत नव्हतं, मुकादम अजून धडधाकट होता, फक्त एक ‘सर्व ठीक’ सापडत नव्हता आणि बाईंचा चेहरा पडला होता. ते पायात गोळा आल्यासारखे उठले नव्हते. काहीतरी बोलायला उठले होते.

आणि तो सूर! ‘त्यांना सगळं माहीत आहे.’ अहो, तो माझाच सूर होता. ‘तुमचं गणित नेहमी बरोबरच असतं.’

डबा तसाच टाकून मी फोनकडे धावलो.

“गेटकाका, सकाळी तुम्ही चाचणी पाठवलीत?”

“पाणी चढत होतं आणि मी चाचण्या करत बसू? आज ‘सर्व ठीक’ पाठवायलाही सवड नव्हती. पहिलाच निरोप पाण्याचा.”

“त्याचा नंबर काय होता?”

“पहिल्याचा नंबर काय असतो, साहेब? एक!”

मग पुलाच्या चौकीला. “ती सकाळची चाचणी. तिच्यावर नंबर कितीचा आहे?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “एकचा, साहेब.”

५

आमचं प्रत्येक ठाणं रोज सकाळी आपले निरोप एकपासून मोजतं. एका ठाण्याचा कोणताही नंबर एका दिवसात एकदाच यायला हवा. इथे दोन होते, आणि त्यातला एक गेटकाकांनी पाठवलेलाच नव्हता.

मी बाईंना आणि साडूला घेऊन निरोप्याच्या खोलीत गेलो. मास्तर जेवायला गेले होते. “बाई, मुद्दाम चुकीचा पत्ता घालून एक निरोप पाठवा. तुमच्या मसुद्याप्रमाणे तो टेबलावर पडायला हवा.”

त्यांनी पाठवला. यंत्राने ‘पोचलं’ म्हटलं. बाहेरून छोटीचा आवाज आला, “आला!”

“आता दुसरा लिहा. मजकूर निराळा, पण ठाणं तेच आणि नंबर तोच.”

यंत्राने पुन्हा ‘पोचलं’ म्हटलं. आम्ही वाट बघितली.

“छोटी, आला का?”

“नाही, सर. काहीच नाही.”

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “हे… हे माझ्या मसुद्यात नाही.” त्या खुर्चीत बसल्या. “मी सही करून लिहून दिलंय की ते निरोप कधी हरवत नाही. हे नव्या यंत्रात असंच उतरलं असतं, आणि कोणाला कळलंही नसतं.”

“म्हणजे यांना माहीत नव्हतं,” मी साडूला म्हणालो. “छोटीलाही नव्हतं, मलाही नव्हतं. हे माहीत असणारा माणूस एकच. त्याने पहाटेच गेटाच्या नावाने एक नंबरची चाचणी खाली सोडून दिली. नंतर गेटाचा खरा एक नंबर आला, तो निरोप्याला दुसऱ्यांदा आलेला वाटला, आणि त्याने गिळला.”

“मास्तर?” साडूने मान हलवली. “दादा, हे पटत नाही. त्यांचा जीव आहे या यंत्रावर. ते स्वतःच्या यंत्राला बदनाम कशाला करतील?”

“यंत्राला नाही करायचं होतं. यंत्र आपल्याला कळलंय असं जी म्हणते, तिला करायचं होतं.”

“पण ती तर सगळं बरोबरच सांगत होती ना त्यांना?”

“तेच तर दुखणं आहे, साडूभाऊ.”

तो भाबडेपणाने माझ्याकडे बघत राहिला. ह्या माणसावर कुणाचा हेवा करायची पाळीच आली नसावी. सगळे पुरावे हातात असून त्याला हे दिसत नव्हतं. आणि मी, ज्याला हुशार म्हणून आजवर कोणी ओवाळलं नाही, मला लख्ख दिसत होतं.

“तुम्हाला हे सुचलं तरी कसं?” त्याने विचारलं.

“अनुभव,” मी म्हणालो, आणि बाहेर पडलो.

६

मास्तर मागच्या जिन्यावर बसले होते. डबा मांडीवर, झाकण न उघडलेला. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

“मास्तर, सकाळी सभेत तुम्ही काय सांगायला उठला होतात?”

त्यांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “पूर्वी लाइन तोतरी होती. वारं सुटलं की एक निरोप दोनदोनदा यायचा, आणि खालचे लोक दोनदा पळत सुटायचे. म्हणून आम्ही ती सोय केली. तोच नंबर पुन्हा आला तर गिळून टाक. ती सोय करणारे आता कोणी राहिले नाहीत. मी एकटा.”

“बाईंना का नाही सांगितलंत?”

“ती मला सांगायला लागली हो, साहेब! मला! निरोप्या काय करतो, कसा करतो. रोज सकाळी यायची आणि सांगायची, ‘मास्तर, हे माहीत होतं का तुम्हाला?’ चुकली असती तर मी हसलो असतो, जवळ बसवून शिकवलं असतं. पण बरोबर असायचं ना सगळं!” त्यांचा आवाज फाटला. “मला जे कळायला केस पांढरे झाले, ते हिने येता जाता उचललं. एकाच जागी चुकली. तेवढी एक जागा मी जपून ठेवली. म्हटलं, संचालकांसमोर ‘सर्व ठीक’ गायब होईल, ती गोंधळेल, मग मी उठेन. ‘सर्व ठीक’ हरवल्याने कोणाचं काय जाणार होतं? रोज पहिला तोच येतो, साहेब. रोज! आजच कसा नाही आला?”

“पाणी तुमच्या सभेसाठी थांबत नाही, मास्तर.”

“माहीत आहे.” त्यांनी चेहरा हातांनी झाकला. “फोन वाजला, पुलाचं ऐकलं. खाली बसलो तो बसलोच.”

“आणि छोटी? साडू तिचं नाव लिहायला बसलाय. तुम्ही शिकवलेली पोर आहे ती.”

मला राग आला होता, आणि दयाही येत होती. आणि भीती वाटत होती ती निराळीच. ह्या म्हाताऱ्याच्या जागी स्वतःला बसवायला मला काहीच कष्ट पडत नव्हते.

मास्तरांनी डबा पायरीवर ठेवला आणि कठडा धरून उठले, या वेळी पुरते. “चला,” ते म्हणाले. “कोण कोण बसलंय आत?”

७

संचालकांसमोर मास्तरांनी सगळं उभ्याने सांगितलं. काही लपवलं नाही, वयाचं कारण पुढे केलं नाही. ते निलंबित झाले. पुढे त्यांचं काय करायचं ते मुख्यालय ठरवेल. जाण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. हॉस्पिटलात मुकादमाला भेटायची परवानगी, आणि बाईंबरोबर बसायची.

बाई आधी नको म्हणाल्या. मग वही घेऊन आल्या. दोघं निरोप्यासमोर बसले. “लिहा,” मास्तर म्हणाले. “नव्या यंत्राला कोणताही निरोप गिळायचा झाला तर आधी माणसाला दाखवावा. आणि ‘पोचलं’ हे यंत्राने नाही म्हणायचं. शेवटच्या माणसाने वाचलं की मगच म्हणायचं.” बाईंनी लिहून घेतलं. “आणखी काही आहे, जे मला माहीत नाही?” त्यांनी विचारलं. “आहे,” मास्तर म्हणाले, आणि एकेक सांगत गेले. प्रत्येक गोष्ट सांगताना त्यांना काहीतरी हातातून सुटल्यासारखं होत असणार, ते मला बाहेरून बघतानाही कळत होतं.

छोटीच्या आदेशावर संचालकांनी सही केली. ती साडूचे आभार मानायला धावत आली, तर तो म्हणाला, “माझे कसले? मी तर तुमचंच नाव लिहिणार होतो. शोधलं ते दादांनी.” आणि अहवालातही त्याने तसंच लिहिलं, माझ्या हुद्द्यासकट. मलाही त्याच्याशी थोडं चांगलं वागणं भागच होतं. “शाल निळी घेऊ नका,” मी जिन्यात त्याला म्हणालो. “तिला आवडत नाही. हिरवी घ्या.” त्याने दोनदा आभार मानले.

घरी मी अक्षरशः तरंगत गेलो. आजवरच्या संसारात पहिल्यांदा मी साडूच्या वरचढ ठरलो होतो, तेही लेखी. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, सगळं रस्त्यातच जुळवून ठेवलं होतं.

बायकोने दार उघडलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“धाकटीचा फोन आला होता,” ती म्हणाली. “सगळं कळलं. भावोजींनी म्हणे सगळं श्रेय तुम्हाला देऊन टाकलं! दुसरा कोणी असता तर स्वतःच्या नावावर खपवलं असतं हो. किती मोठं मन आहे त्यांचं!”

शोधलं मी, आणि मन मोठं त्याचं! तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू? जिभेवर चांगली तीन-चार वाक्यं आली होती, एकापेक्षा एक झणझणीत. पण मग जिन्यावर चेहरा झाकून बसलेले मास्तर आठवले, आणि पाय टांगून पडलेला मुकादम. मी चपला काढून जागेवर ठेवल्या.

“हो,” मी म्हणालो. “आहे मोठं.”

बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावला.

“अहो, बरं नाही का वाटत तुम्हाला?”